पलीकडचा

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटात
माझ्या अक्षरातली दोनशे चौदा लेबलं आहेत.
मी रवळू सातेरी चौगुले, अटेंडंट, आता रिटायर,
तरी मडिवाळर मॅडमचा फोन आला
की बॅटरी घासूनपुसून तयार.

भाद्रपदात जांबोटीच्या पुढं गाडी सोडली,
जळवांसाठी पायाला तंबाखूचं पाणी चोळलं,
निपाणीची, कडक,
आणि सड्यावर चढलो.
तांबडा जांभा, परातीसारखा सपाट,
त्यात वीतभर डबकी,
डबक्यात नखाएवढा बेडूक
जो अंगापेक्षा मोठ्यानं ओरडतो.

टिक्. टिक्. टिर्र.

मॅडमनी ते भरून घेतलं.
मग दरी उतरलो, दरी चढलो,
आम्हाला पाच तास, कावळ्याला दहा मिनिटं.
पलीकडच्या सड्यावर तोच बेडूक.
तीच मातकट पाठ, पोटावर तोच पांढरा ठिपका.
एकोणीस वर्षांमागं दोन्ही बाटल्यांवर
मीच एक नाव लिहिलेलं.
डबक्याच्या काठाला स्पीकर ठेवला,
बटण दाबलं.

टिक्. टिक्. टिर्र.

कुणी वळलं नाही.
एक मादी स्पीकरवर चढली,
दगडावर चढावी तशी,
आणि दुसऱ्या बाजूनं उतरून गेली.
ती जात होती त्या हाकेत
टिर्र आधी, टिक् नंतर,
मध्ये श्वासाएवढा खड्डा.

मॅडम बराच वेळ गप्प.
मग कानडीत स्वतःशी काहीतरी,
मग मला मराठीत:
"रवळू, हे आता एकमेकांचे नाहीत."

कधीपासून?
आमच्यात भाऊबंदकी झाली की तिला तारीख असते.
तलाठी असतो, बांध असतो,
कुणीतरी कुणाचा तरी फणस उतरवलेला असतो.
इथं तंटाच नाही.
पाण्यानं दरी कोरली,
उतारावर रान इतकं दाटलं
की उन्हातल्या जिवाला तो मुलूख परका.
फक्त ये-जा बंद.
कुणाचा तरी टिक् केसभर उशिरा आला,
कुणाला तरी तेच गोड वाटलं,
तिच्या लेकीलाही.
लाखभर पावसाळे असेच गेले,
आणि त्यात एकही बेडूक असा नव्हता
जो आपल्या आईहून वेगळ्या जातीचा होता.

उतरताना मला भरमा आठवला, धाकटा.
चोर्ला घाट उतरून सत्तरीत काजूच्या बागेवर गेला,
तिकडचाच झाला.
त्याची नात बेडकाला बेबो म्हणते.
फोनवर मी "काय करूलालीस गं?" विचारलं
की खिदळते, आणि फोन त्याच्याकडं देते.

"आमचंपण असंच होणार काय, मॅडम?"
त्या हसल्या.
"कप्पे वेगळं, माणूस वेगळं.
तुम्ही बसनं परत येता. लग्नाला येता.
भांडायला तरी येता."
भरमा सात वर्षं आला नाही,
हे मी सांगितलं नाही.
जळू काढायला वाकलो.

सोमवारी ओल्या बोळ्यानं जुनं लेबल पुसलं,
नवं कापलं.
नाव अजून नाही. हाडं बघायची, रक्त बघायचं,
लांबच्या चार शहाण्यांनी हो म्हणायचं,
वर्ष तरी जाईल.
तोवर काहीतरी खूण लिहा, म्हणाल्या.
मी लिहिलं: पलीकडचा.
मग वाटलं, त्या सड्यावरनं बघितलं
तर पलीकडचा हा.
खोडलं. नुसती तारीख ठेवली.

कपाटात जागा कमी,
म्हणून दोन्ही बाटल्या शेजारीच लावल्या, काचेला काच.
आतले दोघं तोंडं फिरवून बसल्यासारखे दिसतात.
स्पिरिटमध्ये तसे सगळेच दिसतात.